कोयनेच्या भूकंपावरच्या मुलाखती : शूटिंग आणि एडिटिंगसाठी मदत हवी

पाटणकरीण

नमस्कार मंडळी,

मी पाटण तालुक्यातली. शाळेत शिकवते आणि सुट्टी लागली की कॅमेरा घेऊन फिरते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, तो ज्यांनी अंगावर घेतला अशा आमच्या खोऱ्यातल्या आजी-आजोबांच्या मुलाखती घेते आहे. तेव्हा जे दहा-बारा वर्षांचे होते ते आता सत्तरीला टेकलेत. जे तेव्हा कर्ते होते, त्यांच्यातले फारच थोडे राहिलेत. म्हणून घाई.

पंचवीसेक मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. आधी गावात आणि आसपासच्या शाळांत दाखवायचा, मग यूट्यूबवर टाकायचा. पैसे नाहीत. एक मिररलेस कॅमेरा आहे (फोर-के होतो), ट्रायपॉड, पदराला लावायचा वायरलेस माइक आणि दुसऱ्या अँगलसाठी भावाचा मोबाइल. एडिटिंग रिझॉल्व्ह नावाच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीवर करते.

निम्म्या मुलाखती झाल्या, निम्म्या व्हायच्यात. अडलंय ते असं : एकेक जण दीड-दोन तास बोलतो, त्यातलं काय ठेवायचं हे ठरवायचं कसं? मधलं वाक्य काढलं की मान एकदम इकडची तिकडे होते, ते झाकायचं कशाने? मे महिन्यातल्या दोन मुलाखतींत डोक्यावर पंखा चालू होता, कारण आजोबांना उकाडा सोसत नाही. आणि एक गंमत. एक आजोबा ठामपणे सांगतात की भूकंप रविवारी झाला, दुसरे म्हणतात सोमवारी. एकाचं चुकीचं म्हणून काढून टाकू का? रविवारवाले आजोबा बाकी इतकं सुंदर बोललेत की कात्री लावायला हात धजत नाही.

शेवटचा प्रश्न शास्त्रज्ञांचा. धरणातल्या पाण्यामुळे भूकंप होतात याबद्दल कुणा जाणकाराला बोलतं करावं असं घरचे म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठचा संकलक

पाटणकरीणताई, मी सांगलीत विश्रामबागला एडिटिंग करतो. लग्नसराईत लग्नं, मुहूर्त संपले की साखर कारखान्यांच्या वार्षिक सभेच्या फिल्म्स, आणि वर्षाकाठी एखादा माहितीपट, ज्याचे पैसे येता येता पुढची लग्नसराई उजाडते. तेव्हा माझं ऐका, पण लग्नवाल्याचं आहे हे धरून ऐका.

काय ठेवायचं, याचं उत्तर स्क्रीनवर सापडत नाही. मी पहिली जोडणी कानाने करतो. मुलाखतीचा फक्त आवाज मोबाइलवर घ्यायचा आणि चित्र न बघता घरात फिरता फिरता ऐकायचा. आमच्याकडे संध्याकाळी स्वयंपाकघरात स्पीकर लावतो. बायको भाकऱ्या थापत असते, तिला फिल्मशी काही देणंघेणं नाही. जिथे तिचा हात थांबतो आणि ती म्हणते, 'मग पुढं काय झालं त्या पोराचं?', तो तुकडा आत. जिथे ती मला गॅस बारीक करायला सांगते, तो बाहेर. चित्र समोर असलं की आपण फसतो. आजीचा चेहरा सुंदर, मागे उजेड सुंदर, आणि बोलण्यात काहीच नाही, तरी आपण ते ठेवतो.

त्यानंतर वही. प्रत्येक मुलाखत उतरवून काढा, अक्षरशः. मोबाइलचं मराठी व्हॉइस टायपिंग पुस्तकी बोलण्याला चालतं, तुमच्या खोऱ्यातल्या आजीपुढे ते हात टेकतं. त्यामुळे हाताने लिहा, कडेला वेळ टाका : कितव्या मिनिटाला काय. कंटाळवाणं आहे, मान्य. पण लिहिताना माणूस पाठ होतं. मग जे तुकडे हवेत त्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि जमिनीवर पसरून क्रम लावायचा. कॉम्प्युटरवर क्रम बदलायला इतकं सोपं असतं की आपण विचारच करत नाही. जमिनीवर गुडघ्यांना रग लागते, म्हणून एकदाच नीट ठरवतो.

क्रम लावताना एक माणूस संपला की दुसरा, असं करू नका. ती रात्र सगळ्यांनी मिळून सांगू दे. एकाची झोप, दुसरीचा आवाज, तिसऱ्याची पडलेली भिंत. दोन माणसं जोडताना पुढच्याचा आवाज त्याच्या चेहऱ्याच्या आधी एक-दोन सेकंद येऊ द्या, आधीचा चेहरा पडद्यावर असतानाच. आम्ही त्याला जे-कट म्हणतो. उलटं केलं, म्हणजे आधीच्याचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळू दिला, की एल-कट. या दोनच युक्त्यांवर माझं निम्मं घर चालतं.

आता मान उडण्याचं. तीन वाटा आहेत.

पहिली, वर दुसरं चित्र टाकणं. त्यासाठी मोबाइल दुसऱ्या बाजूने चेहऱ्यावर लावू नका, हातांवर लावा. म्हातारी माणसं हातांनी बोलतात. पदराचं टोक पिळतात, काठीवर बोट वाजवतात, जमिनीवर न दिसणारी रेघ ओढतात. तो शॉट कुठेही चिकटतो, ओठ दिसत नसल्यामुळे जुळवायची भानगड नाही. मोबाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपतो तो आकडा, मात्र हलता असतो, लांब शॉट आवाजापासून हळूहळू सरकतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' करून मगच टाइमलाइनवर घ्या.

दुसरी वाट, फोर-के चा फायदा घेणं. टाइमलाइन १०८० ची, म्हणजे फोर-के च्या निम्म्या रुंदी-उंचीची, ठेवा, आणि कापलेल्या जागेनंतरचा भाग दीडपट मोठा करा. मिड शॉटवरून क्लोज-अपवर गेल्यासारखं वाटतं. डोळे पडद्यावर साधारण त्याच उंचीवर राहतील एवढं बघा. थोडंसंच, दहा-पंधरा टक्के, मोठं केलंत तर मात्र चूक झाल्यासारखी दिसते.

तिसरी वाट माझी आवडती : उडू दे. प्रेक्षकाला कळतं की मधलं काही गाळलंय, त्यात फसवणूक नाही. डिझॉल्व्ह तेवढा टाकू नका. जुन्या लग्नाच्या सीडीत नवरा-नवरी एकमेकांत विरघळायचे, त्याचं पाप माझ्या पिढीच्या डोक्यावर आहेच, तुम्ही त्यात भर घालू नका.

आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट : गप्प बसलेली जागा. आजी बोलता बोलता थांबते, खाली बघते, पाच-सात सेकंद काही बोलत नाही. पंचवीस मिनिटांत बसवायच्या नादात आपण तेच आधी कापतो, कारण तिथे शब्द नसतात. त्यापेक्षा एक अख्खा माणूस कमी करा. सगळ्यांना दोन-दोन मिनिटं वाटलीत तर ग्रामपंचायतीचा सत्कार समारंभ होतो. चार-पाच जणांना पुरतं बोलू द्या. बाकीच्यांच्या मुलाखती अख्ख्या जपून ठेवा, वेगळ्या टाका, त्यांच्या घरच्यांना द्या.

पुढच्या मुलाखतींसाठी दोन-चार गोष्टी. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट लुकलुकत नाही. खरं तर ट्यूब बंदच करा आणि आजीला दाराकडे तोंड करून बसवा. पाहुण्याला दाराकडे पाठ करून बसवायची आपली रीत कॅमेऱ्याला चालत नाही, चेहरा काळा पडतो. आजी जमिनीवर बसणार असेल तर तुम्ही आणि कॅमेरा दोघंही जमिनीवर. तुम्ही खुर्चीवर बसलात की ती वर बघून बोलते आणि तुम्ही तलाठी दिसता. 'हं, हं' करू नका, मान हलवा. नाहीतर तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला तुमचा 'हं' चिकटतो आणि कापताना सुटत नाही.

एकदा सांगितलेलं परत सांगायला लावू नका. अक्षता एकदाच पडतात. दुसऱ्यांदा ती आटोपून सांगते, आणि मधून मधून 'मघाशी सांगितलं की' म्हणते.

शास्त्रज्ञाबद्दल. धरणाचा जलाशय भरण्याशी कोयनेच्या भूकंपांचा संबंध जगभर अभ्यासला जातो, बारीक धक्के आजही बसतात, आणि कराडला केंद्र सरकारची खोल बोअर घेऊन अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तेव्हा माणूस मिळेल. बोलतं करा, पण त्याला शेवटाकडे आणा आणि थोडक्यात ठेवा. सुरुवातीला आणलात तर पुढची सगळी म्हातारी माणसं त्याच्या भाषणाची उदाहरणं होऊन बसतील.

जुने फोटो वापरणार असाल तर प्रत्येकाचं मूळ तपासा. आमच्याकडे एक जण कोयनेवरची छोटी फिल्म घेऊन आला होता, त्यात इंटरनेटवरून उचललेले किल्लारीचे फोटो. तो भूकंप १९९३ सालचा, सप्टेंबरातला, फोटो रंगीत. त्याने काळेपांढरे करून लावले होते. गावातल्या माणसाला स्वतःचं पडकं घर ओळखू येतं हो.

धरणाच्या भिंतीचं शूटिंग आणि ड्रोन परवानगीशिवाय नको. जंगलाच्या बाजूला जाणार असाल तर तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथे वनखात्याला विचारून जा.

आणि संगीत. करुण बासरी घालणार नाही असं मला इथेच लिहून द्या.

मिरजेचा कान

संकलकभाऊंनी चित्राचं सांगितलं, मी आवाजाचं सांगतो. मिरजेत राहतो, सतारमेकरांच्या गल्लीपासून जवळ. लहानपणापासून तंबोऱ्याची जव्हारी काढताना ऐकलीय. घोडी घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, परत ऐकायचं. त्यामुळे कानाला कटकट करायची सवय.

पदराला लावलेला माइक म्हणजे निम्मी मुलाखत पदराचीच. त्यात मंगळसूत्र टिकटिक करतं आणि काकणं वाजतात. कुणालाही 'मंगळसूत्र काढा' म्हणायचं नाही, हे उघड आहे. ते माइकपासून लांब, पदराच्या आत सरकवायला तिच्या सुनेला किंवा नातीला सांगा. माइकही तिनेच लावू दे. वायरला वर एक सैल वेढा देऊन चिकटपट्टी लावा, म्हणजे ओढ बसली तरी माइकच्या बोंडापर्यंत खरखर पोचत नाही. मला विचाराल तर कुणाकडून शॉटगन माइक (लांब नळीसारखा, रोखाल तिकडचाच आवाज जास्त घेणारा) मागून आणा आणि स्टँडवरून डोक्याच्या वर, फ्रेमच्या जरा बाहेर, छातीकडे रोखून लावा. खोलीत आवाज घुमत असेल तर कॅमेऱ्याच्या मागे दोरीवर वाकळा टाका. आपल्याकडे घरात वाकळांना तोटा नाही.

लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. म्हातारी माणसं हळू बोलता बोलता एकदम ओरडून दाखवतात, 'पळा पळा' असं. तिथे फुटला तर तो परत येत नाही.

फ्रिज बंद करा, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. म्हणजे तो चालू केल्याशिवाय तुम्ही घरी जाऊच शकत नाही. नाहीतर त्यांचं दूध नासतं आणि पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

पंख्याचं : फेकू नका त्या मुलाखती. ऑडॅसिटी फुकट आहे. जिथे फक्त पंखा ऐकू येतो आणि कुणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्या, मग नॉइज रिडक्शन हलक्या हाताने. पूर्ण घालवायला गेलात की आजोबा पिंपातून बोलल्यासारखे वाटतील. ८० हर्ट्झच्या खालचं कापा. थोडा पंखा राहू दे, आणि तोच पंख्याचा आवाज कापलेल्या जागांखालून सलग पसरा. पंखा मध्येच गायब होतो आणि परत येतो तेव्हा कानाला टोचतो. सलग असला की दोन मिनिटांत विसरायला होतं.

इथून पुढे प्रत्येक खोलीत मुलाखत संपल्यावर सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवून नुसत्या खोलीचा आवाज घ्या. लोक हसतात. हसू दे, मग परत घ्या.

प्रीतिसंगम

मी कराडची. त्या वेळी शाळेत होते. आमच्या वाड्यातली उतरंड कोसळली ती अजून कानात आहे, पण तुमच्या खोऱ्यातल्या लोकांनी जे बघितलं त्यापुढे आमचं काहीच नाही. सुमारे १८० माणसं गेली तिकडे.

रविवार-सोमवारचं सांगते. कॅलेंडरमध्ये ११ डिसेंबर १९६७ हा सोमवारच आहे. पण धक्का बसला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. रात्री बारा वाजता तारीख बदलणं हे घड्याळवाल्यांचं. शेतावरच्या माणसाला पहाटे चार म्हणजे आदल्या दिवसाचीच रात्र. तुमचे आजोबा रविवारी रात्री झोपले आणि त्याच रात्री घर पडलं. त्यांचं काहीही चुकलेलं नाही. दोघांनाही ठेवा, एकापाठोपाठ एक. वाटलं तर पडद्यावर तारीख आणि वेळ लिहा, मात्र कोण बरोबर हे सांगत बसू नका.

आणखी एक. मी निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या बायकांच्या आठवणी टिपून ठेवते, कॅमेऱ्याशिवाय. 'तुम्हाला काय वाटलं तेव्हा?' असं विचारलं की 'काय वाटणार बाई, भ्या वाटलं' इतकंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, त्या रात्री घरात कोण कुठे झोपलं होतं? चूल कुठे, गोठा कुठल्या अंगाला, दार आत उघडायचं की बाहेर? जमिनीवर कोळशाने घराचा नकाशा काढायला सांगा. बाळ पाळण्यात होतं की आईजवळ, हे सांगता सांगता बाई त्या खोलीत परत जाते आणि मग तुम्हाला काही विचारावं लागत नाही. शिवाय संकलक म्हणतात तसा हातांचा शॉटही मिळेल.

पाटणकरीण

तिघांचेही मनापासून आभार. वाराचं वाचून रविवारवाल्या आजोबांना फोन केला. ते म्हणाले, 'मग मी काय सांगत होतो?' आता ते सोमवारवाल्यांना भेटायला निघालेत, कॅमेरा घेऊन मागे जावं का विचार करतेय.

कोळशाच्या नकाशाचं याच आठवड्यात करून बघते. बासरी घालणार नाही, लिहून दिलं.

एक विचारायचं राहिलं. एका आजींची धाकटी बहीण त्या रात्री गेली. बोलताना त्या रडल्या. मी कॅमेरा बंद केला नाही, त्यांनीही थांबवलं नाही, डोळे पुसून पुढचं सांगितलं. पण मुलगा नंतर म्हणाला, आईला असं जगापुढे रडवू नका. आजींना विचारलं तर म्हणाल्या, तुला बरं वाटंल ते कर. काय करू?

कृष्णाकाठचा संकलक

'तुला बरं वाटंल ते कर' याला होकार धरू नका. आपल्याकडची म्हातारी माणसं पोरीबाळींचं मन मोडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

तो भाग आधी कापून तयार करा, मग लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जा. आजी, मुलगा, सून, सगळ्यांना बसवून दाखवा, आणि हे मोबाइलवर कुणालाही, कुठेही, कितीदाही बघता येईल हे सरळ सांगा. यूट्यूब म्हणजे काय ते आजींना नातवंडाच्या फोनवर दाखवा. मुलगा ज्याला नाही म्हणतोय ते बहुतेक त्याच्या मनातलं चित्र असतं, टीव्हीवर रडक्या चेहऱ्यावर कॅमेरा जवळ जवळ नेतात तसलं. तुमचं बघून कदाचित तो काही म्हणणार नाही. म्हणाला आणि आजी गप्प राहिल्या, तर काढा. गावात राहायचंय तुम्हाला.

ठेवलात तर रडण्याच्या सुरुवातीला कापू नका आणि रडण्यावर संपवूही नका. डोळे पुसून त्यांनी पुढचं सांगितलं ना? ते पुढचं ठेवा. बहिणीचं नाव घेतात का त्यात? घेत असतील तर तिथपर्यंत जाऊ द्या. त्या क्षणी चित्र मोठं करून जवळ जाऊ नका, वर दिलेली दीडपटीची युक्ती इथे अजिबात नको. उलट दुसऱ्या कॅमेऱ्याचा हातांचा शॉट असेल तर आवाज तसाच ठेवून तो वापरता येईल. मुलालाही ते चालेल असं वाटतं.

इथून पुढे संमती मुलाखत संपल्यावर कॅमेऱ्यावरच घ्या : नाव, गाव, आणि फिल्ममध्ये व इंटरनेटवर वापरायला हरकत नाही, हे त्यांच्या शब्दांत. कागदावर सही किंवा अंगठाही घ्या. पण कागदावर अंगठा दिलेला माणूस महिन्याने नको म्हणाला तर कागद काढून दाखवू नका.

आणि सोमवारवाल्यांकडे जाताना कॅमेरा जरूर न्या, पण माइक दोघांनाही लावा. एकच माइक असला तर शॉटगनची सोय बघा. दोन म्हातारे वाद घालायला लागले की एकमेकांच्या तोंडावर बोलतात.

मिरजेचा कान

शॉटगन माझ्याकडे आहे. स्टँडसकट देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बॅटरी तुमची.

पाटणकरीण

व्यनि केलाय! रविवारी मिरजेला येऊन घेऊन जाते. आणि हो, कार्ड भरत आलंय, रिकामं करू का?

कृष्णाकाठचा संकलक

दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी झाल्याशिवाय नको. एक तुमच्या घरी, दुसरी भावाच्या किंवा शाळेतल्या कपाटात. दोन्ही एकाच घरात ठेवून उपयोग नाही. २०१९ च्या पुरात आमच्याकडे किती जणांच्या डिस्का एकाच टेबलाखाली पाण्यात गेल्या ते मी बघितलंय. फोल्डरला माणसाचं नाव, गाव आणि तारीख द्या, 'नवीन फोल्डर २' नको. आणि कार्ड फॉरमॅट करायच्या आधी दुसऱ्या डिस्कवरची प्रत्येक फाइल उघडून, मधूनच कुठेतरी चालवून बघा. नुसतं नाव दिसतं म्हणजे आत व्हिडिओ असतोच असं नाही.